खालच्या कप्प्यातलं आइस्क्रीम

ताईंनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. चार होत्या की पाच ते आठवत नाही, पण बोलता येऊ नये इतक्या नक्की होत्या.

मी पडदे शिवते. आमचा कारखाना म्हणजे एक लांबोडकी खोली, कापायची दोन टेबलं, सहा मशिनं आणि दाराशी बसून सगळ्यांवर डोळा ठेवणाऱ्या मालकीणबाई. ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, तेवढ्यात त्या एकदाही माझ्या कामाच्या जागी आल्या नव्हत्या. आमचं वाकडं होतं असं नाही, पण गूळपीठही नव्हतं. त्या घरी आल्या की आधी ओट्यावरून बोट फिरवायच्या आणि मग "कशी आहेस?" म्हणायच्या. मीही काही कमी नाही. त्या येणार असल्या की मी मुद्दाम ओटा पुसायची नाही.

त्या दिवशी त्या सरळ माझ्या टेबलापाशी आल्या. मी पडद्याच्या वरच्या पट्टीला चुण्या टाचत होते. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "हे बघ, डॉक्टर म्हणतात माझी बीजं आता कामाची राहिली नाहीत. दुसऱ्या कुणाची तरी घ्यावी लागणार. अनोळखी बाईची घेण्यापेक्षा तुझी घ्यावीत असं मला वाटतं. ही शेवटची खेप. यानंतर आम्ही दोघं हा नाद सोडणार आहोत. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही, पण काय ते आज सांग."

"हं," मी म्हणाले. टाचण्या तोंडात असताना माणूस तेवढंच म्हणू शकतो.

ताईंनी ते 'हो' धरलं. भर कारखान्यात, पाच बायका आणि मालकीणबाई बघत असताना, त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि डोळे पुसत निघून गेल्या. आता एवढं झाल्यावर मागे धावत जाऊन "अहो, मी फक्त ऐकतेय असं म्हणाले" हे कुठल्या तोंडाने सांगणार? पण खरं सांगते, संध्याकाळी घरी जाताना माझ्या लक्षात आलं की टाचण्या नसत्या तरी मी हो म्हणालेच असते. फक्त आधी दोन टोमणे मारले असते.

मग सुरू झाली तपासण्यांची रांग. रक्त काढलं, पोटाची सोनोग्राफी झाली, घराण्यात कुणाला काय काय झालं होतं ते विचारून झालं. नवरा "तुझं शरीर, तुझा निर्णय" म्हणून मोकळा झाला. मला वाटलं होतं निदान दोन दिवस तरी वाद घालेल. समुपदेशन करणाऱ्या बाईंनी आम्हा चौघांना, म्हणजे ताई, त्यांचे यजमान, मी आणि माझा नवरा, एका ओळीत बसवून खूप प्रश्न विचारले. मूल मोठं झाल्यावर त्याला काय सांगणार, मी त्याची मामीच राहणार ना, आणि उद्या भांडण झालं तर? सगळ्याची उत्तरं मी टकाटक दिली. एक गोष्ट मात्र पोटात ठेवली. मला एक लेक आहे. ती माझ्या पोटात होती तेव्हाचे दिवस मला अजून नीट आठवतात. आता ही बीजं काढून नेली की आपलं काहीतरी तिकडे राहिलं असं जन्मभर वाटत बसेल का, अशी मला धास्ती होती. पण बोलले असते तर ताईंचा चेहरा पडला असता, म्हणून गप्प बसले.

ताईंची एकच अट होती. आईबाबांना, म्हणजे आमच्याच घरात राहणाऱ्या माझ्या सासूसासऱ्यांना, कळता कामा नये.

"का पण?" मी विचारलं. "आनंदच होईल त्यांना."

"आईला होईल. बाबांचं सांगता येत नाही. ते तोंडाने काहीच म्हणणार नाहीत, पण बीज लेकीचं नाही, हा आकडा मनात लिहून ठेवतील. पुढे ते बाळ मांडीवर घेताना दरवेळी तो आकडा त्यांच्या डोळ्यासमोर येईल. मला ते नकोय."

हे मात्र त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. आमचे सासरे म्हणजे पाणीखात्यातले निवृत्त मीटर-रीडर. छत्तीस वर्षं लोकांच्या घरात शिरायचं, मोरीतला नाहीतर जिन्याखालचा मीटर शोधायचा, आकडा वहीत उतरवायचा आणि बाहेर पडायचं, हेच त्यांनी केलं. लोकांच्या घरात त्यांनी काय काय पाहिलं असेल देव जाणे, पण एका घराची गोष्ट दुसऱ्या घरी कधी गेली नाही आणि आमच्या घरी तर मुळीच आली नाही. बाबा फोनवरही बोलत नाहीत. ताईंचा फोन आला की "आहे बरा" म्हणतात आणि तो सासूबाईंच्या हातात देतात.

बीजं वाढवायची इंजेक्शनं सुरू झाली तशी औषध लपवायचं कुठे हा प्रश्न आला. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, पण बर्फात नाही. एकदा गोठलं की फेकायचं, असं नर्सने मला दोनदा बजावलं होतं. दिसायला ते पेनासारखं असतं. मागचा भाग फिरवून मात्रा लावायची, पुढे बारीक सुई बसवायची आणि पोटाला टोचायची. अशी दोन पेनं आणि आणखी एका औषधाची छोटी खोकी, एवढा ऐवज होता.

आमच्या घरात डब्यावर जे लिहिलेलं असतं ते डब्यात नसतं. बिस्किटांच्या डब्यात दोरे, कॉफीच्या बाटलीत हळद, साबणाच्या पावडरीच्या मोठ्या डब्यात तांदूळ. परक्या माणसाने आमच्या स्वयंपाकघरात चहा करायचा म्हटलं तर अर्धा दिवस जाईल. अपवाद फक्त आइस्क्रीमचा. त्यात खरोखरच आइस्क्रीम असतं. म्हणून मी कॉफीच्या चवीचा एक डबा रिकामा केला, धुतला, त्यात सगळं भरलं आणि खालच्या कप्प्यात भाज्यांच्या मागे सारला. हिशोब साधा होता. सासूबाईंचे दात थंडाने ठणकतात, बाबांना साखरेचा आजार असल्यामुळे आइस्क्रीम बंद, आणि लेक कॉफीच्या चवीला तोंड लावत नाही. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

रोज संध्याकाळी सातला इंजेक्शन. पहिल्या दिवशी नवरा धीर द्यायला आला, माझा हात धरला आणि सुई पाहून स्वतःच मोरीत खाली बसला. त्यानंतर मी त्याला टीव्हीसमोर बसवून ठेवायला लागले, म्हणजे आईबाबांचं लक्षही तिकडे राहायचं. मी दिवसभर सुयाटाचण्यांतच असते, पण सुई कापडात घालणं वेगळं आणि आपल्या पोटात घालणं वेगळं. दोन बोटांत चिमूट धरायची, डोळे मिटायचे, टोचायचं आणि दहा आकडे मोजायचे. सात वाजून एक मिनिट झालं की ताईंचा मेसेज यायचा, "झालं?" एवढाच. दुखलं का, बरी आहेस का, काही नाही. मी "हो" पाठवायची आणि फोन टॉवेलवर आपटायची. कारखान्यात मालकीणबाई आणि घरात ताई, दोघींकडून माझी हजेरी चालली होती.

आठव्या दिवशी सकाळी तपासणीला गेले. पोट आता घट्ट झालं होतं, कापायच्या टेबलावर वाकवत नव्हतं. सोनोग्राफीच्या पडद्यावर काळे काळे गोल दिसत होते, बीजं वाढतात ते. डॉक्टरीणबाईंनी एकेक मोजला आणि नर्सने लिहून घेतला.

"अकरा आहेत. छान वाढतायत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून दोन-तीन दिवस. आता मात्र एकही इंजेक्शन चुकवायचं नाही, वेळही चुकवायची नाही. इथे गडबड झाली तर आतापर्यंतचं सगळं फुकट जातं."

"बाकी काही त्रास?" नर्सने विचारलं.

"तोंडाची चव गेलीय," मी म्हणाले. "सकाळचा चहा अगदी पांचट लागतो. चार दिवस झाले."

"होतं काहींना," असं म्हणत तिने तेही लिहून घेतलं.

त्या दिवशी एका बंगल्यात खिडक्यांची मापं घ्यायची होती. सतरा खिडक्या, आणि बाईंना प्रत्येक खिडकीशी वेगळा विचार सुचत होता. घरी पोचेपर्यंत पावणेसात झाले. नवऱ्याची त्या आठवड्यात दुपारपाळी लागली होती, तो नव्हता. चपला काढून मी सरळ फ्रिज उघडला, भाज्या बाजूला केल्या आणि हात मागे घातला. मागे फ्रिजची भिंत लागली.

"आलीस?" सासूबाई बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या. "अगं, आइस्क्रीमचा डबा खाली कुणी ठेवला होता? कोथिंबीर काढताना हाताला लागला. पार पाणी झालं असतं त्याचं. सकाळीच वर टाकलाय बर्फात."

सकाळीच म्हणजे साडेसातला. बारा तास होत आले होते.

मी वरचं दार उघडलं. डबा होता. कडेला पांढरी बर्फाची किनार धरली होती. तो छातीशी धरून मी मोरीत गेले, कडी घातली आणि झाकण ओढलं. ते निघेना. नखं लावून काढलं, तर आत कापूस, सुयांची पाकिटं आणि पुसायचे ओले कागद, सगळं कडक होऊन बसलेलं. पेनं नव्हतीच. ती छोटी खोकी पण नव्हती.

गोठलेलं औषध सापडलं असतं तर निदान काय झालं ते तरी कळलं असतं. आता काही सुचेचना. क्लिनिकचं औषधाचं दुकान सहाला बंद होतं, दुसऱ्या दिवशी त्यांची साप्ताहिक सुट्टी. घड्याळात सातला चार मिनिटं कमी होती. डोळ्यासमोर ताई यायला लागल्या. शेवटची खेप म्हणाल्या होत्या, आणि ती मी एका आइस्क्रीमच्या डब्यात घालवली होती. उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून मी तोंडात पदर कोंबला आणि रडायला लागले.

दारावर टकटक झाली. सासूबाई थापा मारतात, ही नुसती बोटाची टकटक होती.

"सूनबाई," बाबा हळू आवाजात म्हणाले, "दार उघड. तुझं औषध माझ्याकडे आहे."

मी दार उघडलं. बाबांच्या हातात त्यांचा स्टीलचा डबा होता. त्यात ते स्वतःचं इन्सुलिन ठेवतात आणि फ्रिजच्या दारातल्या त्या डब्याला घरात कुणी हात लावत नाही. त्यांनी झाकण काढलं. त्यांच्या पेनांशेजारी माझी दोन्ही पेनं आणि खोकी नीट मांडून ठेवलेली होती.

"रडू नकोस. गोठलेलं नाही," ते म्हणाले आणि एक पेन दिव्यासमोर धरून मला दाखवलं. "सकाळी हिने डबा वर टाकला तेव्हा मी चहा गाळत होतो. ही अंघोळीला वळली तसं लगेच काढलं. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. माझं एकदा गेलंय असं वाया, म्हणून माहीत आहे. डबा तसाच राहू दिला, नाहीतर तिने विचारलं असतं. तुला सांगणार होतो, पण तू तपासणीला की कुठे तशीच पळालीस."

"पण बाबा, त्या डब्यात औषध आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

बाबा नळाकडे बघायला लागले. "चार दिवसांपूर्वी दुपारी घरात कुणी नव्हतं. म्हटलं, एक चमचा. एकच."

"बाबा!"

"खाल्लं कुठे? उघडला तर ही पेनं. मला फार वाईट वाटलं गं. एवढ्या लहान वयात तुलाही साखर लागली आणि तू कुणाला सांगत नाहीस. म्हटलं, सांगायचं नसेल तर आपण विचारू नये. तुझ्या चहातली साखर तेवढी मी बंद केली."

मला रडता रडता हसू फुटलं. चार दिवस तो बेचव चहा पिऊन मी नर्सकडे तक्रार केली होती आणि तिने ती औषधाच्या नावावर लिहूनही घेतली होती. सकाळचा चहा घरात बाबाच करतात हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं.

मी क्लिनिकच्या तातडीच्या नंबरावर फोन लावला. तीच नर्स होती. तिने मला पेन उजेडाकडे धरायला लावलं, गढूळ दिसतंय का, कण दिसतायत का, सगळं दोन-दोनदा विचारलं, डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं आणि म्हणाली, "काही झालेलं नाही. घ्या तुम्ही. दहा मिनिटं इकडेतिकडे चालतात, घाबरू नका." मी त्या बाईला तिथल्या तिथे मिठी मारली असती.

पण घाईघाईत मला सुई पेनावर बसवता येईना. बाबांनी ते माझ्याकडून घेतलं, एका झटक्यात सुई बसवली आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"किती लावू?"

"दोनशे पंचवीस."

बाबांचा हात थांबला. आकड्यांशी छत्तीस वर्षं घालवलेला माणूस तो. "दोनशे पंचवीस? इन्सुलिन एवढं कुणी घेत नाही." त्यांनी पेन जवळ धरून त्यावरची बारीक अक्षरं वाचली. मग मला नाही, पेनालाच विचारल्यासारखं म्हणाले, "हे साखरेचं औषध नाही."

"नाही," मी म्हणाले.

"बरं. मला काही विचारायचं नाहीये. तू आधी घेऊन टाक, वेळ चाललीय." त्यांनी मात्रा लावून पेन माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "टोचलंस की सांग. आकडे मी म्हणतो."

मी चिमूट धरली, टोचलं आणि "हं" म्हणाले. भिंतीकडे तोंड करून बाबा एक ते दहा म्हणाले, सावकाश, एकेक आकडा वाचून दाखवावा तसे. आठ दिवसांत पहिल्यांदाच मला ते दुखलं नाही. दुसरं औषधही त्यांनी तसंच काढून दिलं.

तोवर फोनवर तीन मेसेज येऊन पडले होते. "झालं?" मग "सात वाजून गेले." मग "अगं काय झालं सांग." मी तो उचलते तोच तो वाजायला लागला आणि पडद्यावर नाव आलं, ताई. बाबांनी ते पाहिलं. पेनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नेहमीच्या सवयीने जायला वळले.

खरंतर त्यांना जाऊ दिलं असतं तर गुपित गुपितच राहिलं असतं. ताईंना मी शब्दही दिला होता. पण ज्या माणसाने चार दिवस माझ्या आजाराची काळजी एकट्याने वाहिली, माझं औषध वाचवलं आणि वर काही विचारायचं नाही म्हणाला, त्याला खोट्यात ठेवायचा मला मनापासून वीट आला. फोन वाजून थांबला. मी सगळं सांगून टाकलं. ताईंची बीजं चालत नाहीत, माझी देणार आहे, बाळ त्यांच्याच पोटात वाढणार आहे, त्यांचंच असणार आहे, आणि हे तुम्हाला कळू नये असं त्यांना का वाटलं तेही. आकडा लिहून ठेवाल म्हणाल्या, हे सांगताना माझी जीभ अडखळली, पण तेही सांगितलं.

बाबा बादलीवर बसले. चष्मा काढला आणि परत घातला. मला वाटलं, झालं, ताई म्हणाल्या ते खरं निघालं, आणि ते आपल्या हातून घडलं.

"म्हणजे रोज सातला," ते शेवटी म्हणाले, "ती तिकडे फोन हातात घेऊन बसलेली असते?"

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला तो मेसेज हजेरीसारखा वाटायचा.

फोन पुन्हा वाजला. बाबांनी हात पुढे केला. मी तो त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी स्वतःच्या बोटाने उचलला.

"मी बोलतोय," बाबा म्हणाले. "झालं तिचं इंजेक्शन. नीट झालं. मी होतो इथे."

 पलीकडून "बाबा" असं एकदा ऐकू आलं, आणि मग ताई इतक्या भरभर बोलायला लागल्या की मला शब्द लागेनात. बाबा ऐकत होते. एकदाच त्यांनी मध्ये तोडलं.

"मला चालेल का, असं काय विचारतेस? सुया टोचून घेतेय ही. नऊ महिने वाढवणार तू. आजोबा व्हायला मला नुसतं बसून राहायचंय. मी कोण नको म्हणणार?" मग म्हणाले, "रडू नकोस. जेवलीस का?"

"मोरीत काय सभा भरवलीय का दोघांनी?" सासूबाई बाहेरून ओरडल्या, आणि मग त्यांनाही सांगणं आलंच. बाकी सगळं त्यांनी एका दमात पचवलं. लगेच डोळे पुसले, ताईंशी अर्धा तास बोलल्या, माझी दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. त्या चिडल्या ते फक्त एका गोष्टीवर. बाबांनी कॉफीच्या आइस्क्रीमचा डबा एकटं असताना उघडलाच कसा, यावरून त्यांनी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. खाल्लं नाही, हे बाबांचं म्हणणं त्यांनी ऐकूनच घेतलं नाही.

उरलेले दिवस सोपे गेले. सात वाजले की बाबा मोरीच्या दाराबाहेर उभे राहून आकडे म्हणायचे, ताई फोनवर असायच्या आणि सासूबाई टीव्हीचा आवाज बंद करायच्या. लपवायचं काही उरलं नाही की माणसाला केवढी जागा मिळते ते मला तेव्हा कळलं. चहातही साखर परत आली.

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी बीजं काढून घ्यायला उपाशीपोटी क्लिनिकला गेले. नवरा फॉर्म भरत होता. ताई माझ्या पलंगाशी उभ्या होत्या आणि चादरीची सुरकुती काढत होत्या. ती सुरकुती निघाली की त्या दुसरी शोधायच्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, शेवटची खेप, बाईचा जीव टांगणीला लागला असणार. मी म्हणाले, "ताई, बसा जरा, मला तुम्हाला बघूनच चक्कर येतेय." त्या बसल्या नाहीत. मग हाताला सुई लावली, छतावरचा दिवा मोठा झाला आणि पुढचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा पहिल्यांदा मी ती धास्ती शोधली. अगदी जीभ दुखऱ्या दाताकडे जाते तशी. पोटात थोडं ओढल्यासारखं होत होतं, तोंड कोरडं पडलं होतं. बाकी काही नाही. माझं काही कुणी नेलंय असं वाटत नव्हतं. पुन्हा एकदा नीट शोधलं, तरी सापडलं नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी डोळे मिटूनच हसले.

"अगं," ताई म्हणाल्या. त्या पलंगाजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी धरून. "नऊ मिळाली. सगळी चांगली आहेत असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

"छान झालं," मी म्हणाले.

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "तुला काय वाटतंय?"

"भूक लागलीय."

ताई हसायला लागल्या. हसता हसता त्यांचा आवाज फाटला आणि त्या चादरीत तोंड खुपसून हुंदके द्यायला लागल्या. अकरा वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मी हात लांबवून त्यांच्या डोक्यावर ठेवला, सलाईनची नळी सांभाळत.

"मला वाटलं," त्या चादरीतूनच म्हणाल्या, "तू उठशील आणि म्हणशील, परत द्या. हे विचारलं त्या दिवसापासून मला रोज तेच वाटतंय. रोज सातला वाटायचं, आज ही नाही म्हणेल. तुझा 'हो' आला की रात्रीपुरती झोप लागायची."

म्हणजे एवढे दिवस आम्ही दोघी एकाच गोष्टीला घाबरत होतो आणि दोघींनीही ते एकमेकींपासून लपवलं होतं. मी आधी त्यांना पोटभर रडू दिलं.

"ताई," मग मी म्हणाले, "नऊच्या नऊ मोजून घेतलीत ना?"

त्यांनी मान हलवली.

"मग ती तुमची. आता मला काहीतरी खायला आणा."

त्या उठल्या, नाक पुसलं आणि बिस्किटं आणायला गेल्या.